डब्याच्या कडेवरचा गंज

१

शनिवारी संध्याकाळी सहा वाजून चौदा मिनिटांनी मुदीम अली दीदी या म्हाताऱ्या गृहस्थांनी रोजच्यासारखी मशिदीच्या भोंग्यावरून बांग दिली. साडेसहाला ते मशिदीच्या अंगणात वाळूवर आडवे पडले होते. मधल्या सोळा मिनिटांत त्यांनी एक खजूर, पेलाभर कलिंगडाचा रस आणि सहा तळलेले गुल्हे खाल्ले होते. बाकी काही नाही.

मी आमच्या रिहाफुशी बेटाच्या आरोग्य केंद्रात रक्त तपासते. रोझा सोडून मी दुसरा खजूर तोंडात टाकत होते, तेवढ्यात दार ढकलून माणसं आत आली. एकूण बारा. मुदीमना चौघांनी चादरीत उचलून आणलं होतं. बाकीचे पायांवर चालत आले, पण त्यांचे चेहरे बघून माझा हात थांबला. कपाळ, कान, मान, छाती, सगळं लालबुंद. जणू कुणीतरी बाराही जणांना एकाच आगीसमोर बसवलं होतं.

"डोकं फुटतंय गं झियादा," मासेमार सोब्री म्हणाला. "आणि छाती धडधडतेय."

"खाल्लंत काय?"

"गुल्हे. दुसरं काय मिळतं मशिदीत? फार तिखट होते आज. जीभ चुरचुरत होती."

डॉक्टरांनी सगळ्यांना सुया दिल्या. गोळ्यांचं कपाट त्या दिवशी दुसऱ्यांदा उघडलं. पहिल्यांदा मीच उघडलं होतं, चार वीसला, चहाचं हॉटेल चालवणाऱ्या आदमबेंसाठी. पोहताना जेलीमासा लागला म्हणून त्यांना खाज सुटली होती. गोळी बांगेनंतर घेतो म्हणाले.

तासाभरात अकरा जणांची लाली उतरली. मुदीम सत्तराच्या पुढचे, हृदय आधीच अधू. त्यांची नाडी सापडत नव्हती. डॉक्टर त्यांना घेऊन मुख्य बेटाच्या दवाखान्याकडे वेगाच्या बोटीने निघाले तेव्हा धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "करणी आहे."

दुसरं कुणीतरी म्हणालं, "करणी कसली? विष आहे. गुल्हे तळले कुणी?"

आणि गर्दी धक्क्यावरून वळून आदमबेंच्या चहाच्या हॉटेलाकडे चालू लागली.

२

रविवारी सकाळी हवालदार नझीमबेंनी मला चौकीत बोलावलं. आमच्या बेटावर पोलीस एकच, आणि त्यांना कागद भरायचा सोडून बाकी सगळं आवडतं.

"डॉक्टर नाहीत, म्हणून तू," ते म्हणाले. "तू पदवी घेतलीयस ना? मग या वस्तूंवर सही कर, म्हणजे मी मोकळा. आज बांग झाली की माल नेणारी बोट सुटते. शोफिकुलला त्या बोटीने पाठवायचा हुकूम आहे. मुख्य बेटावर चौकशी, तिथून बांगलादेश. मुदीम वाचले तर बांगलादेश. नाही वाचले तर तुरुंग."

शोफिकुल आदमबेंच्या हॉटेलात स्वयंपाक करतो. रमझानमध्ये हॉटेल दिवसभर बंद असतं, पण मशिदीचे गुल्हे तिथेच तळले जातात. मासा, खोबरं आणि कांदा भरलेले सुपारीएवढे गोळे.

टेबलावर चार वस्तू होत्या. माशाचा एक मोठा रिकामा डबा. डब्याचं गोल झाकण. वाटीभर मासा. आणि उंदीर मारायच्या औषधाची पुडी.

"डबा आणि झाकण हॉटेलच्या कचऱ्यात मिळालं," नझीमबे म्हणाले. "मासा आदमबेंनी स्वतः काढून दिला. गुल्ह्यांतून उरलेला, तोच. मी थोडा मांजराला घातला. मांजर ठणठणीत आहे. माझ्यापेक्षा. म्हणजे मासा चांगला होता. मग लोक आजारी कशाने पडले? पुडीने. पुडी शोफिकुलच्या ओट्याखाली होती."

"उंदराच्या औषधाने दहा मिनिटांत तोंड लाल होत नाही, नझीमबे. त्याला दिवस लागतात. आणि खाजेच्या सुईने ते उतरत नाही."

"मग कशाने होतं?"

मी डबा उचलला. कापलेल्या कडेवर बोट न लावता तो खिडकीच्या उजेडात फिरवला. मग झाकण उचललं, तेही फिरवलं. आणि मग पुन्हा डबा.

"सही करतेस ना?" नझीमबे म्हणाले.

"अजून नाही," मी म्हणाले. "हे झाकण या डब्याचं नाहीये."

३

शोफिकुलला ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत कोंडलं होतं. शेजारी त्याची पिशवी भरून ठेवली होती. ती त्याने भरली नव्हती, त्यामुळे एक बाही बाहेर लोंबत होती.

"आपा, मुदीमसाहेब कसे आहेत?" त्याने आधी तेच विचारलं.

"शुद्धीवर नाहीत."

"त्यांच्या पोटात जखम आहे. त्यांना तिखट चालत नाही. म्हणून मशिदीच्या गुल्ह्यांत मी मिरची घालत नाही. एक तुकडासुद्धा नाही. विकायचे गुल्हे वेगळे करतो, त्यात घालतो."

"शनिवारी दोन्ही केलेस?"

"हो. पीठ तेच, तेल तेच. आधी विकायचे. त्याला गुरुवारचा मासा वापरला."

"गुरुवारचा?"

"गुरुवारी मोठा डबा फोडला, अर्धा उरला." त्याने हाताने डब्याचा गोल दाखवला. "मी उरलेला मासा डब्यात ठेवत नाही, आपा. झाकणाच्या बरणीत काढतो, लगेच फ्रिजमध्ये ठेवतो, वर पट्टीवर वार लिहितो. तीन दिवसांच्या आत संपवतो, नाहीतर फेकतो. पर्यटकांच्या हॉटेलात होतो ना, तिथल्या आचाऱ्याने शिकवलं. इथे सगळे हसतात. म्हणतात, याच्या माशाला नाव असतं, वाढदिवस असतो."

"आणि मशिदीचे?"

"त्याला मासा पुरला नाही. मालकांकडे मागितला. कोठीची किल्ली त्यांच्याकडेच असते. अडीचच्या सुमारास त्यांनी वाडग्यात मासा आणून दिला. म्हणाले, आत्ताच फोडलाय."

"डबा तू पाहिलास?"

"नाही. वाडगाच."

"चव घेतलीस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला शिवी दिली होती. "रोझा होता, आपा. जिभेच्या टोकावर ठेवून थुंकलेलं चालतं म्हणतात. मी तेही करत नाही."

मी निघाले, तेव्हा तो मागून म्हणाला, "एक सांगू? साठ गुल्हे तळून परात झाकून ठेवली होती. मशिदीत नेताना मोजले तर सत्तावन्न. मला वाटलं, मीच चुकलो. आणि चारला मालक आत आले. विचारलं, यात मिरची घातलीस का? मी म्हटलं, नाही. ते माझ्याकडे बघत उभे राहिले. पुष्कळ वेळ. काही न बोलता गेले."

"चेहरा कसा होता त्यांचा?"

"उजेड मागे होता, आपा. चेहरा दिसला नाही."

४

आदम मनिकु, म्हणजे आमचे आदमबे, मशीद समितीचे प्रमुख. दर रमझानच्या पहिल्या शुक्रवारी ते भोंग्यावरून रोझा मोडणाऱ्यांना ताकीद देतात. गेल्या वर्षी होड्या बांधणारा एक सुतार दुपारी चहा पिताना सापडला, तेव्हा त्यांनी स्वतः त्याचा हात धरून चौकीत नेला. मुदीम नसताना बांग द्यायचं कामही त्यांच्याकडेच. आज पहाटेची बांग त्यांनीच दिली होती.

ते हॉटेलच्या बंद दारापाशी जाळीच्या आरामखुर्चीत बसले होते.

"ये कोक्को," ते म्हणाले. इथे धाकट्यांना कोक्कोच म्हणतात. "बस. पाणी विचारू शकत नाही, रमझान आहे."

"जेलीचं कसंय?"

"कसली जेली?" मग त्यांना आठवलं. "हां. गेली. तुझ्या गोळीने गेली."

"शोफिकुल म्हणतो, मासा तुम्ही वाडग्यात दिलात."

"तो म्हणणारच. मासा त्याच्या त्या बरण्यांतला. बरणीवर वार लिहितो म्हणे. वार लिहून मासा ताजा होतो? माझ्या आईने फळीवर रिहाकुरुची बरणी वर्ष-वर्ष ठेवली, झाकणावर फडकं बांधून. कोण मेलं? आमच्या माशाला फ्रिज लागत नाही, पोरी. परदेशातल्या माशाला लागतो."

रिहाकुरु म्हणजे मासा दिवसभर मीठपाण्यात उकळून आटवलेला काळा गोळा. तो टिकतो हे खरंच आहे.

"कोठी बघू का?"

त्यांनी किल्ली दिली. जरा उशिरा दिली, पण दिली.

कोठीत उकडत होतं. भिंतीला उभा थर्मामीटर लावला असता तर तेहतीस अंश तरी दाखवले असते. फळीवर रिहाकुरुची बरणी होती. तिच्या शेजारी, धुळीत, एक गोल वर्तुळ उमटलं होतं. तेलकट, तपकिरी. मोठ्या डब्याच्या बुडाएवढं. वर्तुळाच्या आत धूळ नव्हती. बाजूला पालथी बशी, आणि बशीवर चमचा. चमच्यावर तेलाचा सुकलेला पापुद्रा.

मी बाहेर आले. आदमबेंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"त्या बांगलाद्याला मी दुपारीच टोकलं होतं," ते समुद्राकडे बघत म्हणाले. "म्हटलं, मिरची फार झालीय, मुदीमना सोसायची नाही. ऐकलं नाही त्याने. आता बघ."

मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

चौकीकडे जाताना मी नझीमबेंच्या घरावरून गेले. त्यांची आई दारात खोबरं खवत होती.

"मावशी, काल आदमबेंच्या हॉटेलातले गुल्हे आणले होते का?"

"आणले होते की. नऊ खाल्ले. नझीमला तीनच मिळाले, म्हणून अजून फुगून बसलाय."

"झोंबले?"

"मिरचीचेच होते, झोंबणार नाहीत? पण काही झालं नाही हो मला. चेटूक म्हाताऱ्यांना लागत नाही बहुतेक."

पाच वाजता माझा फोन वाजला. डॉक्टर होते. मुदीम अली दीदी साडेचारला गेले होते.

५

आदमबे मशिदीच्या बाजूच्या खोलीत बांगेच्या आधी हातपाय धूत होते. मी आणि नझीमबे आत गेलो. मी त्यांना मुदीमची बातमी सांगितली. ते पायरीवर बसले. नळ चालूच राहिला. नझीमबेंनी तो बंद केला.

"आदमबे," मी म्हणाले, "कचऱ्यातल्या डब्याच्या कापलेल्या कडेवर गंजाची रेघ आहे. आपल्या हवेत पत्रा कापला की एका दिवसात कडा तांबूस होते. त्या डब्याची पुरती तपकिरी झालीय. तो दोन दिवस तरी उघडा होता. झाकणाची कडा मात्र लख्ख. ते काल संध्याकाळी कापलेलं आहे. म्हणजे डबे दोन होते. जुना, आणि लोक आजारी पडल्यावर कुणीतरी घाईने फोडलेला नवा. नव्यातला चांगला मासा नझीमबेंना नमुना म्हणून दिला. मग एक डबा समुद्रात टाकायचा होता. अंधार पडत होता. चुकून नवाच टाकला गेला."

"गंज म्हणे," आदमबे म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता.

"पीठ एक, तेल एक, हात एक. विकायचे गुल्हे नझीमबेंच्या आईने नऊ खाल्ले, तिला काही नाही. मशिदीचे बारा जणांनी खाल्ले, बाराही पडले. फरक फक्त माशाचा. एक बरणीतला, फ्रिजमधला. दुसरा उघड्या डब्यात, तुमच्या कोठीत, फळीवर, बशीखाली. दोन दिवस. तोंडातला चमचा पुन्हा पुन्हा आत जात होता."

"तळलेला होता तो," ते म्हणाले. "उकळत्या तेलात कुठला जंतू जगतो?"

"जंतू मरतात. पण उकाड्यात त्यांनी माशात जे विष करून ठेवलेलं असतं, ते तळून जात नाही, उकळून जात नाही. बंद डबा वर्षानुवर्षं टिकतो, कारण आत काही शिरत नाही. एकदा फोडला की तो साधा मासा. आणि रिहाकुरुत मीठ असतं, आदमबे. दिवसभराचं आटवणं असतं. डब्यातल्या माशात तेवढं नसतं. या विषाला वास नसतो फारसा. एकच खूण असते. जीभ चुरचुरते. माणसाला वाटतं, मिरची जास्त झाली."

नझीमबे हळूच म्हणाले, "पण मिरची नव्हती."

"नव्हती. आणि आदमबे आज मला म्हणाले, 'मी दुपारीच टोकलं, मिरची फार झालीय.' दुपारी. रमझानमध्ये. बांग व्हायच्या दोन तास आधी त्यांना चव कशी कळली? साठातले तीन गुल्हे कुठे गेले? आणि चार वीसला ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांचं तोंड, कान, मान सारखी लाल होती. जेली जिथे लागते तिथे चाबकासारखे वळ उठतात. वळ नव्हते. मी ते पाहिलं, आणि विचार केला नाही. गोळी दिली आणि दार लावलं. तेवढा दोष माझा."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा झाले होते.

"तुमचं रक्त मी दर तीन महिन्यांनी तपासते," मी म्हणाले. "त्यात काय असतं ते मी कुणाला सांगणार नाही. नझीमबेंनासुद्धा नाही. पण आजाऱ्याला रोझा माफ असतो, हे तुम्हीच भोंग्यावरून सांगता. उघडा डबा ही चूक आहे, आदमबे. ती या बेटावर कुणाच्याही हातून झाली असती. पण चार वाजता तुम्हाला कळलं होतं."

आदमबेंनी तोंडावरून हात फिरवला. मग उठले, टोपी नीट केली.

"लिही तुझ्या कागदावर, नझीम," ते म्हणाले. "गंज, मिरची, काय ते. बघू कोर्टात कोण ऐकतं. मला बांग द्यायचीय."

बाहेर आल्यावर नझीमबेंनी धक्क्याची वाट धरली.

"तुझं खरंय," ते म्हणाले. "पण हुकूम माझा नाही, मुख्य बेटाचा आहे. त्यांना फोनवर काय सांगू? एका पोरीने डब्याच्या कडेवर गंज पाहिला? आदमबे स्वतः पुढे आले नाहीत, तर शोफिकुल बोटीवर चढेल, कोक्को. आता तर खुनासाठी."

६

धक्क्यावर बोट इंजिन चालू करून उभी होती. शोफिकुल त्याच्या पिशवीवर बसला होता. बाही मी आत खोचली. बोटवाला म्हणाला, रोझा सोडू आणि निघू. धक्क्याच्या कठड्यावर दहा-बारा माणसं हातात खजूर धरून बसली होती. शोफिकुलजवळ कुणी बसलं नव्हतं.

सूर्य पाण्याला टेकला. मग अर्धा राहिला. मग एक नारिंगी नख.

भोंगा खरखरला. सगळ्यांनी खजूर ओठांजवळ नेला.

बांग सुरू झाली नाही.

श्वास ऐकू येत होता. एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास, सबंध बेटावर, माडांवरून, घराघरांतल्या भरल्या ताटांवरून.

"मी आदम मनिकु," भोंगा म्हणाला. "शोफिकुलला बोटीवर चढवू नका. मासा माझा होता. डबा मी उघडा ठेवला होता. मी तीन वर्षं रोझे धरले नाहीत. मला साखर आहे. मला ते सांगता आलं नाही."

कठड्यावरचा एक खजूर खाली वाळूत पडला.

"काल साडेतीनला मी तीन गुल्हे खाल्ले. चार वाजता माझं अंग पेटलं. मला कळलं होतं. सांगितलं असतं तर विचारलं असतं, तुला कसं कळलं." पुन्हा श्वास. "मग मी अली दीदीची बांग ऐकली. घरात बसून. पूर्ण ऐकली."

भोंगा बंद झाला. नझीमबे मशिदीच्या दिशेने चालू लागले, मग पळू लागले.

बोटवाल्याने इंजिन बंद केलं. धक्क्यावर कुणी हललं नाही. खजूर ओठांपाशीच होते. बांग झाली नव्हती आणि ती द्यायला आता बेटावर कुणी नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघत होती. आपण खायचं की नाही, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं.

शोफिकुल उठला. त्याने पश्चिमेकडे नीट, सावकाश पाहिलं. मग खिशातल्या कागदातून एक खजूर काढला, मधोमध फोडला, आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"सूर्य तर बुडलाय, आपा," तो म्हणाला.